आमची वाटचाल : उद्यमनगरच्या लेथपासून बॉल स्क्रूपर्यंत

वडिलांचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि ऑईल इंजिनाच्या पार्टचं जॉबवर्क. पुढे आम्ही शिरोली एमआयडीसीत शेड घेतली, व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीन) बसवल्या आणि फाउंड्र्यांचं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) मशिनिंग धरलं. आज मात्र निम्मा धंदा दुसऱ्यांच्या मशीनच्या देखभालीवर चालतो, आणि त्यातलं मुख्य काम बॉल स्क्रूच्या, म्हणजे नटातल्या बॉलच्या आधारानं मशीनचं टेबल सरकवणाऱ्या आटेदार दांड्याच्या, वंगणाचं. ते आम्हाला बिडानंच शिकवलं.

बीड कोरडं कापलं की काळी भुकटी उडते. कव्हरच्या फटीतून ती आत शिरते, स्क्रूवरच्या ऑईलमध्ये कालवली जाते आणि तिची लॅपिंग पेस्ट, म्हणजे धातू घासणारा लेप, होते. मग बॉल आणि स्क्रूच्या खाचा झिजायला लागतात. नटाचे वायपर (टोकाला स्क्रू पुसणाऱ्या सील) शाबूत असतील आणि नटातून ताजं ऑईल बाहेर येत असेल, तर ही भुकटी बरीचशी बाहेरच थोपते.

बहुतेक ठिकाणी टाकीतली पातळी आणि पंपाचा गेज बघून तपासणी संपते. आम्ही उलट्या टोकानं सुरुवात करतो. मशीन बंद, इमर्जन्सी दाबलेली. मगच कव्हर काढून धागे न सुटणाऱ्या फडक्यानं स्क्रू पुसायचा. सगळे बाजूला झाले की मशीन चालू करून पंपाचं मॅन्युअल बटण काही वेळा दाबायचं आणि तो अक्ष (त्या स्क्रूवर सरकणारा भाग) पूर्ण स्ट्रोकभर सावकाश फिरवायचा. स्क्रूवर पातळ, सलग थर दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर नटाजवळचं युनियन (नळीचा जोड) सोडून तिथे थेंब येतो का बघायचं, मग डोझर (मोजून ऑईल सोडणारा व्हॉल्व्ह), मग लाइन फिल्टर.

गोकुळ शिरगावच्या एका ग्राहकाच्या मशीनवर बोअरचं सेंटर हलत होतं. बॅकलॅश (स्क्रू-नटातली ढिलाई) पॅरामीटरमध्ये टाकून टाकून काम रेटलेलं. त्यांचा ऑपरेटर कौतुकानं म्हणाला, “साहेब, लई चांगलं मशीन, ऑईलच खात नाही.” तिथेच मला शंका आली. सॅडलखाली (टेबलाखालच्या सरकत्या भागाखाली) एक्स अक्षाच्या नटाची नायलॉन नळी चेपलेली निघाली, आणि फिल्टरही गाळानं बुजत आलेला. अशा पद्धतीत प्रत्येक डोझर आपापला ठरलेला डोस सोडतो. डोझरच्या पुढे नळी बुजली किंवा तुटली तरी मुख्य लाइनला प्रेशर भरतं, अलार्म येत नाही. म्हणून टाकी किती दिवसांनी भरली, याची नोंद मी प्रत्येक ग्राहकाला ठेवायला लावतो. खप अचानक घटला तर लगेच फोन करा, हे निक्षून सांगतो.

ऑईल मशीनच्या पुस्तकात लिहिलेलंच. आमच्याकडच्या बहुतेक व्हीएमसींना 68 ग्रेडचं स्लाइडवे ऑईल लागतं. हायड्रॉलिक ऑईल चालवून घेऊ नये. ग्रीसवर चालणाऱ्या स्क्रूला ग्रीसच, आणि ग्रॅफाइटचं तर मुळीच नको.

खंडेनवमीच्या पूजेआधी सगळीकडे मशीनची धुणी-पुसणी निघते. एरवी उत्पादन थांबवायला नाखूष असलेले मालकही तेव्हा कव्हर काढू देतात, त्यामुळे पितृपंधरवड्यापासून आमच्या पोरांना उसंत नसते. त्याच फेरीत दिवाळीचंही सांगून ठेवतो : सुट्टीनंतर आधी वंगणाचं बटण दाबा, अक्ष कमी फीडवर टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि मगच जॉब लावा.