गाळ हवा, पण पाणी नको

जुलै 2025 मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्याने मिड-बॅराटारिया गाळवळण प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले, तेव्हा मला वाईट वाटले, आश्चर्य मात्र वाटले नाही. मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावरील तटबंधात दरवाजे बसवायचे आणि सुमारे दोन मैल लांबीच्या कालव्यातून नदीचे गढूळ पाणी झिजत चाललेल्या बॅराटारिया खोऱ्यात सोडायचे, अशी ही योजना होती. तिचा खर्च सुमारे 300 कोटी डॉलर होता, आणि त्यातील मोठा वाटा 2010 च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीच्या भरपाईतून येणार होता. ऑगस्ट 2023 मध्ये कामाला सुरुवातही झाली होती.

किनारा का बुडतो आहे, याविषयी फारसा वाद नाही. 1932 पासून लुइझियानाने सुमारे 1,900 चौरस मैल जमीन गमावली आहे. त्रिभुज प्रदेशातील मऊ माती स्वतःच्याच भाराने दबत राहते. तिच्यावर पुराच्या पाण्याने नवा थर घातला, तरच ती समुद्राच्या पातळीच्या वर टिकते. 1927 च्या महापुरानंतर तटबंध अखंड आणि उंच झाले आणि हा थर बसणे थांबले. पुढे मिसिसिपीला मिळणाऱ्या मिसूरी नदीवरील धरणांनी बराचसा गाळ वरच अडवला, तेल कंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले, आणि समुद्र तर वर येतोच आहे.

उपाय कागदावर सोपा दिसतो: नदीला पुन्हा वाट द्या. पण ‘वाट द्या’ म्हणजे नेमके कुठे, केव्हा आणि किती, हे ठरवण्यातच नियोजनाची अनेक वर्षे गेली, आणि माझ्या मते या प्रकल्पाचा सर्वांत वाचनीय भाग तोच आहे. बारीक चिखल नदीच्या पाण्यात वरपासून खालपर्यंत बऱ्यापैकी सारखा मिसळलेला असतो. जमिनीचा पाया घालणारी वाळू मात्र जड असल्यामुळे तळाशी जास्त असते, आणि वळणाच्या आतल्या बाजूला तिचे दांडे तयार होतात. म्हणून पाणी घेण्याचे तोंड अशा वाळूच्या दांड्याजवळ आणि खोलवर ठेवायचे ठरले. वेळेचाही असाच हिशेब होता. प्रवाह कमी असताना वाळू तळाशी पडून राहते आणि जोर वाढला की उचलली जाते. शिवाय पूर चढत असताना गाळ अधिक असतो, उतरताना तेवढाच प्रवाह असूनही तो कमी असतो. त्यामुळे न्यू ऑर्लिन्सजवळच्या बेल चेस येथे नदीचा प्रवाह 4,50,000 क्युसेकच्या वर गेल्यावरच मुख्य विसर्ग सुरू करायचा, तो नदीबरोबर वाढवत जास्तीत जास्त 75,000 क्युसेकपर्यंत न्यायचा, आणि एरवी केवळ 5,000 क्युसेकपर्यंत पाणी सोडून नवी वनस्पती जगवायची, असा आराखडा होता. एवढे करून 50 वर्षांनी हाती राहणारी जमीन होती सुमारे 20 चौरस मैल. आकडा लहान वाटतो, पण काहीच न केल्यास त्या खोऱ्यात उरणाऱ्या तुटपुंज्या पाणथळीच्या तुलनेत तो पाहायला हवा.

अडचण अशी की गाळ एकटा येत नाही. वाळूच्या प्रत्येक कणामागे कितीतरी पट गोडे पाणी येते, आणि बॅराटारिया खोऱ्याचे आजचे जीवन खाऱ्या-मचूळ पाण्यावर बेतलेले आहे. मराठीत कालवा म्हणजे पाण्याची वाट आणि कालव म्हणजे शिंपल्यातला जीव. तिथला सगळा तंटा या दोन शब्दांच्या मधल्या फटीत मावतो. शिंपल्यांतली कालवे काढणारे आणि कोळंबी पकडणारे लोक म्हणत होते की भविष्यातील जमिनीसाठी आमचा आजचा धंदा जाईल, आणि पर्यावरण अहवालानेही त्यांचे मोठे नुकसान होईल हे मान्य केले होते. गोड्या पाण्यात दीर्घकाळ राहिल्यास डॉल्फिनच्या त्वचेवर जखमा होतात. म्हणून सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षण कायद्यातून या प्रकल्पाला सूट मिळावी, अशी तरतूद अमेरिकी काँग्रेसला 2018 मध्ये करावी लागली. 2019 मध्ये नदीच्या पुराचे गोडे पाणी समुद्राकडे सोडणारा बोने कॅरे सांडवा वर्षात दोनदा उघडावा लागला, तेव्हा शेजारच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर कालवांची काय दशा झाली, हे सगळ्यांनी पाहिलेच होते. तटबंधाबाहेरील वस्त्यांत पाण्याची पातळी वाढणार होती, ते वेगळेच.

विरोधकांची मागणी होती की नदीच्या तळातून गाळ उपसून नळांनी थेट पाणथळीत टाकावा. तसे प्रकल्प झालेले आहेत आणि जमीन लगेच दिसते. मात्र ती जमीनही टाकल्या दिवसापासून दबू लागते आणि तिला दुसरा थर घालायला कोणी येत नाही, पुन्हा पैसे मोजावे लागतात. नदीचे पाणी वळवणाऱ्या वळणमार्गाचे उलटे आहे. याच नदीच्या मुखाजवळ वेस्ट बे येथे 2003 मध्ये नदीच्या काठाला खाच पाडली, तेव्हा कित्येक वर्षे पाण्यावर काहीच दिसेना आणि ती बुजवण्याची भाषा सुरू झाली. 2011 च्या पुरानंतर तिथे बेटे वर आली. लुइझियानातल्याच वॅक्स लेकचा त्रिभुज प्रदेश तर कोणी आखलेलाच नव्हता. 1940 च्या दशकाच्या आरंभी पूरनियंत्रणासाठी खोदलेल्या त्या मार्गाच्या मुखाशी गाळ तीस वर्षे पाण्याखाली साचत राहिला, आणि 1973 च्या पुरात तो पृष्ठभागावर आला. एवढी वर्षे वाट पाहण्याची तयारी सरकारची असू शकते. बोटीचे हप्ते भरणाऱ्या माणसाची ती असावी, अशी अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते. भरपाईचा विचार नियोजनात होता, पण वाळूच्या हिशेबाइतका बारकावा त्यात मला दिसला नाही.

राज्य आता लहान वळणमार्गाचा आणि उपशाचा विचार करत असताना, नदीच्या खालच्या अंगाला, पूर्व तीरावर, तटबंध नसलेल्या भागात नेपच्यून पास नावाची एक जुनी चिंचोळी धार गेल्या काही वर्षांत आपोआप रुंदावली आहे. 2022 च्या वसंतात तिच्यातून 1,00,000 क्युसेकहून अधिक पाणी वाहत होते, म्हणजे रद्द झालेल्या प्रकल्पाच्या कमाल क्षमतेपेक्षाही जास्त, आणि तेही कोणत्याही परवान्याविना. क्वारंटीन बे या उथळ उपसागरात तिने नवी जमीन घालायला सुरुवात केली आहे. जहाजांच्या वाहतुकीला धोका नको म्हणून लष्कराच्या अभियंत्यांनी ती नदीतून फुटते तिथे दगड टाकून हा प्रवाह कमी करण्याचे ठरवले आहे.