सात दिवस, अडीचशे पोती आणि रोज बदलणारा गटप्रमुख

राष्ट्रीय सेवा योजनेचं निवासी शिबिर कधी घ्यायचं, हे कॉलेजच्या वेळापत्रकावरून ठरवू नये. ते नाल्याला विचारावं. पुणे जिल्ह्यातल्या भोर, वेल्हे, मावळ या भागातले लहान ओढे पावसाळा सरल्यावरही काही आठवडे वाहत असतात आणि शिबिरात बांधायच्या वनराई बंधाऱ्याला, म्हणजे माती-वाळूची पोती रचून ओढ्यात घातलेल्या तात्पुरत्या बांधाला, वाहतं पाणीच लागतं. परीक्षा, स्नेहसंमेलन असं सगळं सांभाळत शिबिर जानेवारीत गेलं की बऱ्याच ठिकाणी ओढा आटलेला असतो. मग मुलांना देवळाचं आवार झाडायला आणि दगडांना चुना लावायला लावतात. हे काम आपल्यासाठी मुद्दाम शोधून काढलंय, हे सोळा वर्षांच्या मुलाला पहिल्या तासात कळतं. तिथून पुढे तो सहा दिवस फक्त हजर असतो. म्हणून शिबिरं घेणाऱ्या आम्हा शिक्षकांचा कौल दिवाळीच्या सुट्टीला, फार तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याला.

ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातल्या 37 विद्यापीठांत सुरू झाली. पुढे ती अकरावी-बारावीपर्यंत आली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि एक सात दिवसांचं शिबिर पूर्ण करायचं, म्हणजे प्रमाणपत्र मिळतं. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर.

यातली घसरडी जागा म्हणजे तास. दैनंदिनीत ‘श्रमदान, 4 तास’ असं लिहून सही घेतली की वही भरते, मूल आहे तिथेच राहतं. आम्ही दैनंदिनीत एक रकाना वाढवला: ‘आज मी काय ठरवलं’. त्यात ‘पोती कमी पडतील वाटलं म्हणून 30 जास्त मागवली, 22 लागली’ अशी नोंद सापडली, तर ती आम्हाला चार तासांच्या सहीपेक्षा मोलाची वाटते. पहिल्या महिन्यात हा रकाना बहुतेकांचा कोरा असतो. असू द्यावा. ‘काहीतरी लिही रे’ म्हणून मागे लागलं की सुविचार लिहून मिळतात.

शिबिराआधी गावाला निदान दोनदा जावं लागतं. पहिल्या फेरीला पन्नास जणांना नेऊ नये. चार-पाच जण, एक टेप, एक दोरी आणि वही एवढं पुरे. जागा अशी हवी: पात्र अरुंद, दोन्ही काठ दीड मीटर तरी उंच, तळाशी खडक किंवा घट्ट मुरूम आणि वरच्या अंगाला उतार कमी, म्हणजे पाणी लांबवर तुंबतं. आसपास विहीर असेल तर उत्तम. मोजमाप मुलांनीच घ्यायचं आणि पोत्यांचा हिशोबही त्यांनीच मांडायचा. सिमेंटचं रिकामं पोतं दोन-तृतीयांश भरून आडवं टाकलं की साधारण 60 सेंटीमीटर लांब, 40 रुंद आणि 15 जाड होतं. सहा मीटर रुंदीच्या ओढ्यात पोत्याची लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवली तर एका ओळीत 15 पोती. खालचे तीन थर तीन-तीन ओळींचे, त्यांची 135. वरचे दोन थर दोन-दोन ओळींचे, त्यांची 60. सगळ्यात वरचे दोन थर एकेरी, त्यांची 30. एकूण 225 पोती आणि सात थरांत उंची एक मीटर. फाटणारी धरून 250 गोळा करावीत. हा हिशोब फळ्यावर मांडून दाखवला की मुलं उतरवून घेतात. ओढ्यात उभं राहून मांडला की आपसात भांडतात. भांडू द्यावं, त्या भांडणातच हिशोब पक्का होतो.

रिकामी पोती बांधकामांवर मिळतात, पण नुसती मोजून आणू नयेत. उन्हात महिनोन्‌महिने पडलेलं प्लास्टिकचं पोतं हातात चुरगळलं तरी त्याचा भुगा होतो. प्रत्येक पोतं दोन्ही हातांनी शिवणीवर ओढून पाहायचं, मग गठ्ठ्यात घालायचं.

दुसरी फेरी माणसांसाठी. ग्रामपंचायतीला पत्र द्यायचं हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याच्या बांधाला पाणी टेकणार आहे त्या शेतकऱ्याला विचारायचं मात्र बहुतेकांकडून राहून जातं. शिबिराच्या चौथ्या दिवशी तो येऊन ‘माझ्या रानात ओल धरेल’ म्हणाला की काम थांबतं आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नसतं. त्याच्याकडे बोलायला विद्यार्थ्यांनाच पाठवावं. शिक्षकाने सोबत जावं, पण ओट्यावर मागे बसावं. ‘काका, पाणी कुठवर येईल ते आम्ही दगड ठेवून दाखवतो, तुम्ही बघा आणि सांगा’ एवढं एक वाक्य नीट बोलता येणं ही मुलाच्या आयुष्यातली मोठी पायरी असते. वक्तृत्व स्पर्धेतली मुलं इथे हमखास अडखळतात, कारण समोरचा माणूस उलट प्रश्न विचारतो.

पालकांचं संमतीपत्र, मुलींच्या मुक्कामाची आणि अंघोळीची स्वतंत्र, कडी लागणारी जागा, सोबत शिक्षिका, प्रथमोपचार पेटी, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता एकदा स्वतः जाऊन पाहिलेला. यात तडजोड नाही. यातली एक जरी गोष्ट नसेल तर शिबिर पुढे ढकलावं.

पन्नास जणांचे दहा-दहाचे पाच गट करायचे. गट मुलांना पाडू दिले तर मित्रमंडळी एकत्र बसतात, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात. प्रत्येक गटात मुलं-मुली दोन्ही हवेत, विज्ञान, कला, वाणिज्य मिसळलेले हवेत. सकाळच्या श्रमदानाला स्वयंपाकाचा गट सोडून सगळे असतात. बाकीची कामं गटांमध्ये रोज फिरतात: स्वयंपाक, पाणी आणि स्वच्छता, साहित्य, सर्वेक्षण, संध्याकाळचा कार्यक्रम. गटप्रमुखही रोज बदलतो. सात दिवसांत दहांपैकी सात जणांवर पाळी येते, राहिलेल्या तिघांकडे हजेरी, साहित्य आणि हिशोबाची वही कायमची असते.

क्रम कसा लावायचा हे अनुभवाने शिकलो. पहिल्या दिवशी सगळ्यात धीट मूल पुढे केलं की बाकीच्यांना वाटतं, प्रमुख म्हणजे असाच, मोठ्याने ओरडणारा. पहिल्याच दिवशी अगदी अबोल मुलीला उभं केलं तर तिचा दिवस फुकट जातो, कारण करायचं काय हे तिने पाहिलेलंच नसतं. पहिले दोन दिवस शांत पण नेमकेपणाने काम करणाऱ्यांना द्यावेत आणि अबोल मुलांची पाळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी यावी. तोवर त्यांनी दोघांच्या चुका पाहिलेल्या असतात. त्या चुका टाळणं एवढंच ध्येय त्यांना पुरतं आणि बहुतेकदा त्यांचाच दिवस सगळ्यात नीट पार पडतो.

निर्णय घ्यायला शिकवणारी पहिली जागा म्हणजे चूल. शिक्षक आणि पाहुणे धरून साठ पानं होतात. नाश्त्याला पाच किलो पोहे, जेवणाला भाकरीबरोबर सहा किलो तांदूळ आणि तीन किलो तूरडाळ, हा आमचा अंदाज. पण हा आकडा गटाला आधी सांगू नये. कोठीत सात दिवसांचा शिधा किती आहे तेवढं सांगावं आणि वही त्यांच्या हाती द्यावी. दुसऱ्या दिवशी हमखास भात उरतो, चौथ्या दिवशी डाळ कमी पडायला लागते. तेव्हा गटप्रमुखाला पुढच्या गटाशी बोलून आमटी पातळ करायची की एक वेळ पिठलं करायचं हे ठरवावं लागतं. नऊ वाजता उपाशी बसलेल्या मित्रांना ‘अजून वीस मिनिटं’ म्हणून सांगणं आणि ती वीसच मिनिटं निघणं, ही जबाबदारी भाषणातून शिकवता येत नाही. आणि एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहावी. गट मिसळलेले असले तरी तासाभरात मुली चुलीपाशी आणि मुलं लाकडं आणायला अशी वाटणी आपोआप होते. ओढ्यावर मुलांच्या हाती टिकाव आणि मुलींच्या हाती घमेलं. हे मोडायला गटप्रमुखालाच सांगावं: दर तासाला अवजारं बदला.

बंधारा असा उभा राहतो. आधी ठरलेल्या रेषेवरची सुटी वाळू, गाळ, गोटे काढून घट्ट थर उघडा करायचा. दोन्ही काठांत अर्धा मीटर खाच मारायची. ही खाच चुकवली तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ पोखरतं आणि सगळी मेहनत एका रात्रीत जाते. पोती गच्च भरू नयेत. गच्च पोतं गोल राहतं, दोन पोत्यांत फट पडते. दोन-तृतीयांश भरलेलं पोतं चपटं बसतं. नुसती वाळूही भरू नये, पाणी झिरपतं. माती आणि वाळू मिसळून भरावी. तोंड दाभणाने सुतळी ओवून शिवायचं आणि वरच्या पोत्याखाली दबेल असं ठेवायचं. भरलेलं पोतं पस्तीस किलोच्या आसपास जातं. एकट्याने उचलायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी. त्याहून बरं म्हणजे माती घमेल्यांनी साखळी करून आणायची आणि पोतं जागेवरच भरायचं. दगड हाताने उलटण्याआधी काठीने हलवायचा, खाली विंचू असतात.

थर विटांसारखे सांधे चुकवून लावायचे. दोन्ही काठांकडून मध्याकडे यायचं, मध्ये पाण्याला वाट ठेवायची. पाण्याकडच्या अंगाला चिकणमातीचा जाड थर थापायचा. मधली वाट शेवटी एकदम बुजवायची, त्यासाठी भरलेली पोती आधीच काठावर रचून ठेवलेली हवीत. वरच्या थरात मधली पोती कमी ठेवून सांडवा सोडायचा आणि सांडव्याचं पाणी पडतं तिथे खाली मोठे दगड टाकायचे.

पाणी चढायला लागलं की कुठूनतरी गळतंच. हा क्षण आम्ही जपतो. सगळे एकदम माती टाकायला धावतात, तीही बाहेरच्या बाजूने, जिथे पाणी दिसतंय तिथे. तिथे टाकलेली माती धुऊन जाते. गावातला एखादा म्हातारा हे शांतपणे बघत असतो आणि त्याला विचारावं हे सुचणारं एक तरी मूल गटात असतं. उपाय सोपा आहे. पाण्याकडच्या अंगाला मूठभर भुसा सोडायचा. तो संथ तरंगतो आणि एका जागी गोल फिरून आत ओढला जातो. तिथे भोक. तिथेच चिकणमाती आणि शेणाचा गोळा दाबायचा, वर पोतं टेकवायचं. आम्हाला हे ठाऊक असतं, तरी आम्ही बोलत नाही. शिक्षक बोलला की म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही. गप्प राहणं हा कार्यक्रम अधिकाऱ्याच्या, म्हणजे कॉलेजात ही योजना सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या, कामाचा सगळ्यात अवघड भाग आहे. बोलायचं फक्त जिवाला धोका असेल तेव्हा, उदाहरणार्थ तुंबलेल्या पाण्यात कोणी उडी मारायला निघालं तर.

रात्री आढावा, वीस मिनिटांच्या वर नाही. गटप्रमुख तीनच गोष्टी सांगतो: काय ठरलं होतं, काय झालं, उद्याच्या प्रमुखाने काय वेगळं करावं. कोणाचं नाव घेऊन तक्रार करायची नाही. ‘अमक्याने भांडी घासली नाहीत’ ऐवजी ‘भांड्यांची पाळी वहीत लिहिलेली नव्हती’ असं बोलायला मुलं दोन-तीन रात्रींत शिकतात. चाळीस मिनिटांचा आढावा झाला की त्यातली वीस मिनिटं शिक्षकाने खाल्लेली असतात.

दुपारी सर्वेक्षण, दोघादोघांनी, एका जोडीला जास्तीत जास्त सहा घरं. ‘पाण्याची टंचाई आहे ना?’ असं विचारलं की ‘हो’च येतं. ‘काल किती हंडे आणले, कुठून, कोणी, किती खेपा?’ असं विचारावं. घरातली बाई सांगत असताना पुरुषाने मधेच उत्तर दिलं तर दोन्ही उत्तरं लिहावीत.

या नोंदींचं काय होतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. फाइल कॉलेजच्या कपाटात गेली तर मुलं समजायचं ते समजतात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत पाच मिनिटं मागून घ्यावीत. अठरा वर्षांखालच्यांना ग्रामसभेत मत नसतं, पण सरपंचांच्या परवानगीने अहवाल वाचता येतो. एका पानाचा अहवाल, त्यात गावाचेच आकडे आणि शेवटी एकच मागणी. पाच मागण्या केल्या की टाळ्या मिळतात, एक केली की ग्रामपंचायत अधिकाऱ्याला ती लिहून घ्यावी लागते. वाचायला दोघांना पाठवावं आणि त्यातला एक अकरावीचा असावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शिबिराला या गावाचं काम माहीत असलेलं कोणीतरी उरतं.

शेवटची फेरी मे महिन्यात. पाणी आटलेलं असतं, पोती उन्हाने विरलेली असतात. ती तशीच राहिली तर पहिल्या पुरात चिंध्या होऊन खालच्या शेतांत पसरतात. पाच-सहा जणांनी अर्ध्या दिवसात ती फोडून माती काठावर टाकायची, प्लास्टिक गोळा करून आणायचं. या फेरीचे तास आम्ही आधी जाहीर करत नाही. कोण येणार हे मागच्या वर्षीचे गटप्रमुख आपसात फोन करून ठरवतात, आम्हाला फक्त एसटीची वेळ कळवतात.