म्हशीची वार आणि माझ्या पोटातली कळ

मागच्या पावसाळ्यात आमची म्हैस व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठंचना, मान पोटाकडं वळवलेली, कान हाताला गार लागायले, वार अर्धीच बाहेर लोंबत होती. परभणीहून जनावराचे डॉक्टर आले, मानेच्या शिरेत कॅल्शियमची बाटली लावली, एकदम हळूहळू, मधूनमधून छाती तपासत, कारण घाई केली तर हृदय बंद पडतं. अण्णांना म्हणाले, चिकात सगळं कॅल्शियम गेलं बघा, गर्भपिशवीला आवळायला ताकदच राहिली नाही. बाटली संपायला आणि म्हशीनं शेण टाकायला एकच गाठ, अन् उठलीच की ती!

मला माझंच पोट आठवलं. चौदाव्या वर्षी पाळीत फरशीवर पालथी पडून रडायचे, आज्जी ओवा द्यायची, आई म्हणायची सहन करावं लागतं.

गर्भपिशवी म्हणजे शेवटी स्नायूच. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा जवळपास 10,000 पट कमी कॅल्शियम असतं, पेशीचं दार उघडलं की ते आत घुसतं, कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, त्यानं मायोसिन हे स्नायूतलं प्रथिन कामाला लागतं अन् ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला ओढतं, की पिशवी आवळली. पाळीत हे दार उघडायला लावतं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन, त्यातही त्याचा एफ टू अल्फा हा प्रकार. काम हार्मोनसारखंच, पण जिथं बनतं तिथंच करून संपतं. (1935 ला फॉन ऑयलर या शास्त्रज्ञांनी हे नाव ठेवलं, वीर्यात सापडलं म्हणून पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतलं असंल असं वाटलं त्यांना.) ते जास्त बनलं की पिशवी इतकी आवळती की तिच्याच रक्तवाहिन्या दबतात, रक्त कमी पोचतं, तीच ती कळ. आतडंही आवळतं म्हणून काहीजणींना जुलाब लागतात. हे नाटक नाही हो, खरंच नाही!

मेफेनॅमिक ॲसिडची गोळी प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवती, म्हणून कळ सुरू होताना घ्यायची, लोळायची वेळ आल्यावर नाही, आणि जेवून. अल्सर, किडनी, दमा असंल तर डॉक्टरला विचारूनच. आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी पोट जास्त दुखत नाही, रक्तातलं प्रमाण शरीर स्वतः सांभाळतं, त्या आपल्या मनानं बंद करू नका.

आज्जीला हे सगळं सांगितलं. ती शेंगा फोडायली होती, हात थांबले तिचे. म्हणाली, "मला तर कुनी बसू बी दिलं नाही गं. पोट बांधून खुरपायला जायचे."