कॅरॅव्हॅनच्या बॉडीला करंट, आणि त्याआधीपासून नळाला

मी लायसनवाला वायरमन आहे, सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात काम करतो. निम्मं काम केळीच्या मोटारींचं, स्टार्टर, पॅनल, जळालेल्या केबली. जानेवारीतली ही केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

हतनूरच्या बॅकवॉटरला आमच्या बाजूच्या एका केळीवाल्या अप्पांनी शेताच्या टोकाला कॅम्पिंगची जागा केलीय. थंडीत चक्रवाक आणि बाकीची बदकं उतरतात, ती बघायला लोक येतात, टेंट टाकतात, एक रात्र राहून जातात. यंदा नाशिकच्या एका रिटायर्ड काका-काकूंनी तिथे कॅरॅव्हॅनच आणून लावली. कॅरॅव्हॅन म्हणजे इंजिन नसलेली, गाडीच्या मागे हुकाला लावून ओढायची. दिवाळीनंतर उभी केली ती होळीपर्यंत तिथेच, अप्पांना महिन्याचं भाडं, आणि हे दोघं मनात आलं की रेल्वेने भुसावळला उतरून रिक्षाने येतात. काका म्हणाले एवढं धूड दर खेपेला हायवेने ओढत आणायचं, मागे घेऊन जागेवर बसवायचं, लेव्हल करायचं, त्यात अख्खा दिवस जातो, त्यापेक्षा सीझनभर एका जागी बरी.

गाडी ठेवली होती मात्र एकदम शिस्तीत, मला आवडलं. चाकांना पुढून-मागून अडण लावलेली आणि हँडब्रेक सैल सोडलेला, कारण महिनोन्‌महिने ओढून ठेवला तर ब्रेकचे शू ड्रमला धरतात. टायरवर ऊन लागू नये म्हणून कव्हर. चार कोपऱ्यांच्या जॅकखाली जाड सागाच्या फळ्या, कारण आमच्या काळ्या मातीत लोखंड सरळ आत जातं. लाईटची पंचवीस मीटरची केबल रीळवरून पूर्ण उलगडून टाकलेली, कारण गुंडाळलेल्या केबलवर हीटर चालवला की ती आतून तापते. एवढं सांभाळणारा गिऱ्हाईक मला वर्षात एखादाच भेटतो.

तक्रार अशी की पहाटे काकू दवात ओल्या झालेल्या चपला काढून अनवाणी आत चढायला गेल्या आणि दाराचा दांडा धरला तर हाताला झटका. काकांनी आत बघितलं, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप लाईन तोडणारा स्विच, चालूच, पडला नव्हता. अप्पांनी आधी गावातल्याच एका वायरमनला बोलावलं, त्याने टेस्टर लावला, बारीकसा पेटला, म्हणाला रिटर्न येतंय, काही होत नाही, आणि पैसे घेऊन गेला. हा रिटर्न शब्द आमच्या लाईनमध्ये फार वाईट आहे, ज्याचं कारण शोधायचं नाही त्याला रिटर्न म्हणून मोकळं व्हायचं.

मी गेलो दुपारी. फेज-न्यूट्रल २३८ व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ २, बॉडी ते माती शून्यासारखंच. गाडीची लाईन काढून मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, मारला, आतली वायरिंग स्वच्छ. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खटकन पडला. म्हणजे कागदावर सगळं ओके. पण काकू काही उगाच बोलणाऱ्या बाई नाहीत, त्यांनी वेळ सांगितली, पहाटे साडेपाच-सहा, त्यामुळे मी म्हटलं मी पहाटेच येतो.

पहाटे पाच वाजता थंडी अशी की केळीला चरका बसेल. गाडीपासून लांब मातीत एक सळई ठोकली, तिच्यात आणि बॉडीत मीटर लावून बसलो. बराच वेळ काही नाही. पावणेसहाला एकदम ९५ व्होल्ट. नुसत्या मीटरवर विश्वास ठेवत नाही मी, डिजिटल मीटर हवेतलंही दाखवतं, म्हणून झिरोचा बल्ब लावला, तर तो पेटला, मंद पण धड पेटला. बल्ब पेटवणारा करंट म्हणजे माणूस मारणारा करंट. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स आम्ही हजार ओहम धरतो, म्हणजे ९५ व्होल्टला नव्वदच्या वर मिलिअँपिअर, आणि तरी तीसवाला आरसीसीबी जागचा हलला नाही.

मग गाडीचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही काढले. तरी ९५. फक्त अर्थची वायर सोडली, लगेच शून्य. म्हणजे गाडीत दोष नव्हताच, करंट अर्थिंगमधून गाडीत येत होता! जी वायर वाचवायला टाकलेली असते तीच घेऊन येत होती. आणि आरसीसीबी बघतो फक्त फेजमधून गेलेलं आणि न्यूट्रलमधून परत आलेलं सारखं आहे का. इथे अर्थमधून बॉडीत, बॉडीतून माणसात आणि माणसातून मातीत, त्याच्या दारावरून काही गेलंच नाही तर तो पडेल कसा. त्यात रबरी टायर आणि जॅकखालच्या सागाच्या फळ्या, गाडी जमिनीपासून पूर्ण तुटलेली, त्यामुळे आतल्याला काहीच कळत नाही आणि खाली उभं राहून दांडा धरणाऱ्याला सगळं लागतं.

मेन बोर्डावर जाऊन अर्थिंगच्या वायरला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरला बाहेरून पकडून करंट मोजायचा मीटर, लावला. ३.८ अँपिअर! तिथे काहीच नको असतं. वायर धरत धरत गेलो तर मोटारीच्या खोलीत, तिला लागून सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, कुटुंब राहतं, आणि तिथे बादलीत अंघोळीच्या पाण्यात हीटरचा रॉड. दीड हजार वॅटचा रॉड २३० ला साडेसहा अँपिअर घ्यायला पाहिजे. सालदाराला विचारलं पाणी किती वेळात तापतं, तो म्हणाला लई टाईम लागतो भाऊ, रॉड डुप्लिकेट दिसतो. रॉड चांगला होता. त्या खोलीचा न्यूट्रल जमिनीखालीच तुटलेला होता, आणि कुणीतरी नवी केबल टाकायच्या ऐवजी फेज मीटरजवळून, मेन बोर्डाच्या आरसीसीबीच्या आधीच घेऊन दुसरं टोक अर्थिंगला मारून दिलं होतं. करंट अर्थिंगच्या खड्ड्यातून मातीत आणि मातीतून डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, अर्थिंगपर्यंत परत. खड्डा तरी कसला, हातभर पाईप मुरमाच्या भरावात ठोकलेला, कोळसा नाही मीठ नाही, हिशेबाने २५ ओहम. ३.८ गुणिले २५, ९५. रॉडचं पिन काढलं, काकांनी तिकडून ओरडून सांगितलं शून्य झालं.

मी सामान आवरत होतो तेव्हा सालदाराची बायको म्हणाली, भाऊ, मंग आमच्या नळाले बी त्याच्यानंच मुंग्या येत होत्या का? विचारलं तर कळलं मोटारीच्या लोखंडी पाईपवरच्या नळाला पहाटे हात लागला की झिणझिण्या येतात, त्यामुळे ती लाकडाच्या पाटावर उभी राहून पाणी भरते आणि पोरांना उन्हं आल्याशिवाय नळाकडे जाऊ देत नाही. पावसाळ्यापासून. कॅरॅव्हॅन यायच्या कितीतरी आधीपासून. मी विचारलं सांगितलं का नाही कुणाला, तर म्हणाली, सांगतलं होतं, ते म्हणे चप्पल घालत जा.

मी तिथंच बसून राहिलो थोडा वेळ. काकूंना एक झटका बसला तर दोन वायरमन आले, एक तर पहाटे पाचला आला. ही बाई दोन लेकरं घेऊन पावसाळ्यात, चिखलात, त्याच नळावर.

अप्पा वाईट माणूस नाही, पण त्यांनी म्हटलं कॅरॅव्हॅनचं आज करून टाक, खोलीचं केळीचा पैसा आला की बघू. मी सरळ सांगितलं, खोलीचा न्यूट्रल नवा टाकल्याशिवाय कॅरॅव्हॅनचा पॉइंट चालू करणार नाही, दोन्ही एकच काम आहे. काका माझ्या बाजूने बोलले, त्यांनी सांगितलं की इंग्लंडमध्ये जिथे लाईनचा न्यूट्रल आणि अर्थ एकच असतो तिथलं अर्थिंग कॅरॅव्हॅनला जोडायला कायद्यानेच मनाई आहे, जागेवर अर्थिंगचा वेगळा रॉड ठोकतात. ऐकून बरं वाटलं, कारण कॅरॅव्हॅनला वेगळं अर्थिंग हवं हे माझंही म्हणणं होतं.

संध्याकाळपर्यंत खोलीला नवी टू कोअर केबल टाकली, रॉडला वेगळा एमसीबी, आणि खोलीची लाईन आरसीसीबीमधून घेतली. कॅरॅव्हॅनजवळ स्वतंत्र खड्डा, अडीच मीटरचा चाळीस एमएमचा जीआय पाईप, कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं, कारण मार्चनंतर आमची माती भेगाळते आणि खड्डा सुकला की अर्थिंग नावापुरतं राहतं. दुसरा तसलाच खड्डा नळाजवळ. दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेलो, रॉड चालू ठेवून बॉडी आणि नळ दोन्हीवर मीटर लावला, काही नाही, मगच पैसे घेतले.

ज्याने तो जोड मारला तो आमच्याच लाईनचा निघाला. त्याचा फोन आला, तू माझा धंदा बिघडवतो, असं तं सगळीकडेच चालतं, न्यूट्रल गेला की शेतकरी थांबत नाही. ते खरं आहे, शेतकरी थांबत नाही, पाण्याची पाळी असते, मीही त्याच दाबात काम करतो. मी म्हटलं मग कुठे कुठे मारले ते सांग, मी तुझ्यासोबत येतो, केबल उधारीवर आणू, दोघं मिळून काढून टाकू, गिऱ्हाईकाला तूच केलं म्हणून सांगेन. त्याने फोन ठेवला. सावद्याच्या बाजूच्या दोन विहिरी मला माहीत आहेत, दोन्हीकडे सालदार राहतात, रविवारी क्लॅम्प मीटर घेऊन तिकडे जाणार आहे.