जंतुपेशी अडथळा पार करते, तरी तो फुटत का नाही?

शुक्राणू घडताना जंतुपेशी (ज्यांच्यापासून शुक्राणू बनतात त्या पेशी) वृषणातल्या नलिकांमध्ये सर्टोली पेशींना, म्हणजे त्यांना आधार देणाऱ्या पेशींना, घट्ट चिकटलेल्या असतात. मग त्या नलिकेच्या तळाकडून आत सरकतात कशा, आणि वाटेतला रक्त-वृषण अडथळा फुटत कसा नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून.

हा अडथळा म्हणजे शेजारशेजारच्या सर्टोली पेशींमधले घट्ट सांधे. क्लॉडिन-11 आणि ऑक्लुडिन ही त्यांतली मुख्य प्रथिनं. अर्धसूत्री विभाजनाला (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाला) लागलेल्या जंतुपेशी रोगप्रतिकारक यंत्रणेला परक्या वाटू शकतात, म्हणून त्या अडथळ्याच्या आतच हव्यात.

इथे बहुतेकांची गल्लत होते. सांध्याच्या प्रथिनाचं जनुक बंद झालं म्हणून सांधा लगेच सुटत नाही, कारण आधी बसलेलं प्रथिन जागेवरच असतं. ते पेशीच्या आत ओढून घ्यावं लागतं. हे सतत चालूच असतं. आत गेलेल्याचं पुढे काय होतं, ते मात्र संदेशावर ठरतं. टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन असेल तर प्रथिन मोडीत निघतं, टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक असेल तर ते परत पृष्ठभागावर येतं. म्हणून जुना सांधा जंतुपेशीच्या वरच्या बाजूला विरघळतो, तोवर खाली नवा उभा राहिलेला असतो. मधल्या काळात पेशी दोन बंद दारांमधल्या खोलीत असते.

नव्या सांध्याचा माल मात्र जनुकांकडूनच येतो. उंदरात हे शुक्राणू घडण्याच्या चक्रातल्या आठव्या टप्प्याच्या सुमारास घडतं. टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीमुळे (त्याचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनामुळे) सर्टोली पेशीत क्लॉडिन-3 वाढतं आणि ते नेमकं खालच्या, नव्या सांध्यात दिसतं. सर्टोली पेशींतून हा ग्राही काढला की क्लॉडिन-3 घटतं, अडथळा गळका होतो आणि बहुतेक जंतुपेशी अर्धसूत्री विभाजन पूर्ण करत नाहीत. क्लॉडिन-11 नसलेले नर उंदीर तर वांझच असतात.

वरच्या टोकाला पकड वेगळी: सर्टोली पेशीचं नेक्टिन-2 हे प्रथिन शुक्रपूर्व पेशीच्या (विभाजन संपवून शुक्राणू होऊ घातलेल्या पेशीच्या) नेक्टिन-3 ला धरतं. यांतलं एक जरी नसलं तरी शुक्राणूंची डोकी वेडीवाकडी होतात. उंदरात टेस्टोस्टेरॉन घटलं, तर गोल शुक्रपूर्व पेशी लांबट होण्याआधीच सुटून गळतात.

आता नेहमीचा पुढचा प्रश्न: मग टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली तर शुक्राणू वाढतील का? नाही, उलट घटतील. वृषणात हे संप्रेरक रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, आणि ते तिथेच तयार होतं. बाहेरून दिलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारं संप्रेरक) कमी करते, वृषणातलं उत्पादन थंडावतं आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही येऊ शकते. इंजेक्शनं थांबवल्यावर ती पूर्ववत व्हायला महिने लागतात.