आमची वाटचाल : चारही पोर्ट दाखवा

ओएफडीएम सिग्नल (डेटा अनेक सबकॅरियरवर, म्हणजे शेजारशेजारच्या वाहक लहरींवर, वाटून पाठवणारा) ज्यांनी अॅम्प्लिफायरमधून काढलाय त्यांना आमचा धंदा समजावायला नको. 64 सबकॅरियर एका फेजमध्ये जुळले तर पीक, म्हणजे पॉवरची उसळी, सरासरीच्या 18 डेसिबल वर जातं. तसं सहसा होत नाही, पण दहा-अकराचे उसळे नेहमीचेच. तेवढा बॅक-ऑफ ठेवला, म्हणजे उसळीसाठी तेवढी मोकळी जागा राखली, की अॅम्प्लिफायर वीज खातो आणि नुसता तापतो. ते पीक उतरवणारा एफपीजीए कोअर, म्हणजे हवं तसं जुळवता येणाऱ्या चिपमध्ये बसणारं तयार सर्किट, आम्ही बनवतो. पहिली काही वर्षं बरी गेली.

मग रेडिओ चार अँटेनांचे झाले, प्रत्येकीला एक पोर्ट, आणि एक स्पर्धक निम्म्या दरात उतरला. त्याचं तंत्र म्हणजे निव्वळ क्लिपिंग, पीक वरून छाटणं. छाटलं की शेजारच्या चॅनेलमध्ये घाण पसरते. ती फिल्टरने काढावी तर पीक पुन्हा डोकं वर काढतं. पठ्ठ्याने सीसीडीएफचा (पीक किती वेळा किती वर जातं त्याचा) आलेख छापला तो फिल्टरच्या आधीचा, आणि तोही एकाच पोर्टचा! ऑर्डरी तिकडे गेल्या. आमचे पगार थकले. जिवापाड जपलेला सिग्नल अॅनालायझर विकायला काढला. गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं. भागीदार आडवा पडला म्हणून तो वाचला.

गिऱ्हाइकांत टिकल्या त्या एका रेडिओ कंपनीच्या टेस्टिंगच्या मॅडम. त्यांच्या कंपनीनेही तो स्वस्त कोअर मागवला होता. त्यांनी प्रत्येक पोर्टवर 30 डेसिबलचा अॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा) कसला आणि चारही पोर्टांचं पीक, ईव्हीएम (सिग्नल मूळ जागेवरून किती ढळला त्याचं माप) आणि शेजारच्या चॅनेलमधली गळती एकाच कॅप्चरमध्ये घेतली. 256-क्वॅमला (एका वेळी 8 बिट नेणारी मॉड्युलेशन पद्धत) ईव्हीएम 3.5 टक्क्यांच्या आत हवा. तिसऱ्या पोर्टवर स्पर्धकाचा कोअर उघडा पडला.

आमचा कोअर सबबँडचे (सबकॅरियरच्या गटांचे) फेज फिरवून बघतो आणि निवड करतो ती सर्वांत वाईट अँटेना बघून, सरासरीवर नाही. डेटाबरोबर पायलटही (रिसीव्हरला आधीच माहीत असलेला सिग्नल) तेवढाच फिरतो, त्यामुळे रिसीव्हरला तो चॅनेलचाच भाग वाटतो. वेगळी माहिती पाठवावी लागत नाही. पीक स्पर्धकापेक्षा थोडं जास्त राहतं, हे आम्ही आधीच सांगतो.

नवीन मंडळींनो, नुसता पीकचा आकडा कुणी दाखवला तर ईव्हीएम त्याच कॅप्चरमधला मागा. आणि कनेक्टर टॉर्क रेंचनेच आवळा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

स्पर्धकाचं माहितीपत्रक अजून तोच आलेख छापतं. मॅडमचा पुढचा रेडिओ 32 अँटेनांचा आहे. इतके फेज तपासायला एफपीजीएत जागा नाही. पण युजर कमी, अँटेना जास्त. म्हणून पीक मारणारा सिग्नल युजरपर्यंत पोचतच नाही अशा दिशांना ढकलायचं काम सध्या बेंचवर आहे.