आबांचा अर्धा चेहरा

वर्षश्राद्ध कधी आहे हे वर्षभर आधी ठाऊक असतं. तरी भजनी मंडळाची चार माणसं माझ्या गाळ्यात उगवली ती नेमकी त्याच दिवशी सकाळी, शटर अर्धं वर केलेलं असताना. रात्री चाळीच्या पटांगणात आबांच्या स्मरणार्थ भजन. मागे सहा बाय चार फुटांचा बॅनर हवा आणि बॅनरवर आबा हवेत. "आधार कार्डावरचा फोटो नको," बुवांनी आल्या आल्या बजावलं. "दहाव्याला तोच लावला होता. आबा फरारी दिसत होते."

लालबागचा हा गाळा मूळचा वडिलांचा फोटो स्टुडिओ. मागे डार्करूम होती, तिथे आता दोन कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर. काम म्हणाल तर पासपोर्ट फोटो, जुन्या फोटोंची दुरुस्ती आणि बॅनर. गणपतीच्या आधी तर कार्यकर्त्यांच्या सेल्फी कापून एका रांगेत बसवणं हेच चालतं. कुणाचं डोकं शेजारच्यापेक्षा जरा लहान झालं की रात्री अकराला फोन येतो. त्या मानाने बॅनरवर एकटा माणूस म्हणजे चैनच.

पाकिटातून फोटो निघाला. पाच बाय सातचा, रंगीत, आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर काढलेला. मागे बॉलपेनने १९९१. कपाळाला बुक्का लावलेली माणसं दाटीवाटीने उभी, मधोमध गळ्यात पखवाज अडकवलेले आबा. आणि आबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर, भुवईपासून थेट जिवणीपर्यंत, शेजारच्याचा टाळ धरलेला हात.

"हात कुणाचा?" मी विचारलं.

तिघांनी चौथ्याकडे पाहिलं.

"माझाच," टाळवाले काका म्हणाले. "तेवढा काढून टाका ताई. आता कॉम्प्युटरवर सगळं होतं ना."

दुसरा फोटो का नाही, याचं उत्तर या भागात काही घरांत एकच असतं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी आबांच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं आणि अल्बमची पानं एकमेकांना चिकटली. वाळल्यावर कुणीतरी ती खेचून सोडवली, म्हणजे चेहरे एका पानावर आणि कागद दुसऱ्यावर. (असे फोटो ओढू नयेत. स्वच्छ गार पाण्यात भिजू द्यावेत, बहुतेक वेळा आपोआप सुटतात. पण हे सांगायला मी तिथे नव्हते.)

माझ्याकडे बारावी झालेला एक पोरगा शिकायला येतो. हात तेज, धीर कमी. फोटो त्याच्याकडे दिला, कारण स्कॅनिंगचं हे प्रकरण त्याने एकदा भोगायला हवंच होतं. त्या काळी लॅबवाले सिल्क फिनिशचा कागद सर्रास वापरायचे. हाताला खरखरीत, दिसायला छान, पण स्कॅन केला की कागदावरच्या प्रत्येक बारीक उठावाची एक बाजू चमकते आणि सगळ्या चेहऱ्यावर जाळी येते. पोरगा ब्लर लावून जाळी घालवायला निघाला होता. ब्लरने जाळी जाते, तसा आबांचा डोळाही जातो. मी त्याला फोटो काचेवर डोकं खाली, पाय वर असा फिरवून पुन्हा स्कॅन करायला लावला. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, त्यामुळे दुसऱ्या स्कॅनमध्ये चमक उठावाच्या पलीकडच्या बाजूला पडते. दोन्ही स्कॅन दोन लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांवर, दुसरा सरळ करून पहिल्यावर नेमका बसवायचा आणि वरच्याची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ५० टक्के करायची. जाळी बरीचशी एकमेकींत विरते. बुवा मागे उभे राहून बघत होते. "अरे, सुटले की आबा जाळ्यातून," म्हणाले.

पोरग्याने १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपक्यांनी, स्कॅन केलं होतं. चालतं. मात्र त्याने कागदात नसलेली माहिती येत नाही, एवढं ध्यानात ठेवायचं. आबांचा चेहरा मूळ फोटोत अर्धा इंच, म्हणजे स्कॅनमध्ये सहाशेच पिक्सेल.

रंग पार लाल झाले होते. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर, म्हणजे सायन रंग कपाटाच्या अंधारातही उडतो. मागे लाली उरते. कर्व्हज् मध्ये, म्हणजे उजळ-गडद कमीजास्त करायच्या टूलमध्ये, फोटो ज्यांनी बनतो ते लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगळे उघडून ती काढता येते. मी तो खटाटोप केलाच नाही. चॅनल एकेक करून पाहिले: लाल फिकट आणि सपाट, निळ्यात नुसते दाणे, हिरव्यात मात्र आबा स्वच्छ, सुरकुत्यांसकट. तोच उचलला. नवशिक्यांनी ही सवय लावून घ्यावी. ब्लॅक अँड व्हाइट करायचं म्हणजे रंग काढून टाकायचे नसतात, कुठल्या चॅनलमध्ये माणूस उरलाय ते शोधायचं असतं.

आता हात. पोरग्याला वाटलं, हे तर सोपं. दिसणारा अर्धा चेहरा कॉपी केला, आडवा उलटवला, दुसरीकडे जोडला. चारही म्हातारे पुढे वाकले.

"हे आबांचे कोण?" बुवांनी विचारलं.

कुणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो, हे झालंच, शिवाय उजेड. आबांवर ऊन एका बाजूने पडलं होतं. उलटवल्यावर ते दोन्हीकडून पडलं आणि नाकाला दोन सावल्या आल्या. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण माणूस खोटा वाटतो.

मग त्याने एआयचा रस्ता धरला. हाताभोवती सिलेक्शन केलं, थोडं थांबला, आणि पडद्यावर एकापाठोपाठ एक तीन आबा आले. तिन्ही देखणे. कातडीचा पोत बरोबर, उजेडाची दिशा बरोबर, मी शोधूनही जोड सापडेना. काका तिसऱ्याकडे बघून म्हणाले, "हा संध्याकाळच्या सिरियलमध्ये सासरा असतो तो."

"आबांच्या भुवईत खोक होती," बुवा म्हणाले. "गिरणीत मागाचा धोटा उडून लागलेला."

"ती दुसऱ्या भुवईत."

"दुसऱ्या कशी? ही तर दिसतेय ना साबूत. म्हणजे हाताखालचीच."

"खोक भुवईत नव्हतीच, कपाळावर होती."

पंधरा मिनिटं हा वाद चालला. दोघं तिघं तर आबांबरोबर एकाच खात्यात काम केलेले, रोज सोबत भजनाला बसलेले, आणि खोक कुठे होती यावर एकमत नाही. मी पोरग्याला म्हटलं, ते तिन्ही लेअर डिलीट कर. यंत्राला आबा माहीतच नाहीत, त्याला आबांच्या वयाचा कुठलाही माणूस चालतो. आणि मला मधली एखादी खोक अंदाजाने रंगवायची नव्हती. रात्री पटांगणात त्यांची मुलगी बसणार होती.

तेवढ्यात मी सहज विचारलं, आबांचा एखादा व्हिडिओ आहे का. काकांनी मोबाइल काढला. होता, चांगला चार मिनिटांचा, गेल्या वर्षीच्या काकड आरतीतला. त्यात आबांचं तोंड कुठेच नव्हतं. पखवाज, आणि पखवाजावर हात.

"चेहरा का नाही घेतला?" पोरग्याने विचारलं.

"तोंडात काय बघायचंय? हात बघ की."

काका आणि आबांचा चेहरा यांचं काही जमत नाही, एवढं सिद्ध झालं. पण हात खरंच बघण्यासारखे होते. डाव्या पानाला, धुम्याला, कणीक लावलेली. ती हाताला लागून तळवा आणि बोटं पांढरी झालेली. मागचं सगळं अंधारात. ती फ्रेम पाहिल्यावर मला बॅनर दिसला.

काम असं केलं. काळ्या कॅनव्हासवर आबांचा चेहरा, पेन टूलने कापलेला. त्याला लेअर मास्क. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तो भाग लपतो, पांढरा फिरवला की परत दिसतो. मूळ चित्राला धक्का लागत नाही. खोडरबर टूलला मी गाळ्यात बंदीच घातलीय. ब्रश मऊ, फ्लो (रंग सुटण्याचा जोर) दहा-बारा टक्के, आणि नाकाच्या मूळ सावलीपासून पलीकडे हळूहळू अंधार वाढवत नेला. टाळ गेला, हात गेला. उरला तो एका बाजूने उजेड घेतलेला माणूस. इथे घाई केली की नाकाच्या मधून सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ येते. पोरगा दोनदा म्हणाला, ताई झालं की. झालं नव्हतं. सगळ्यात जास्त वेळ या दोन बोटं रुंदीच्या पट्टीत गेला, बाकीचं काम तासाभराचं.

मग त्या अंधारावर हातांची फ्रेम ठेवली आणि लेअरचा ब्लेंड मोड, म्हणजे तो खालच्यात मिसळायची पद्धत, स्क्रीन केला. स्क्रीनमध्ये वरच्या लेअरचा काळा भाग नाहीसा होतो, उजळ तेवढाच खाली उमटतो. आधी कर्व्हज् ने फ्रेम आणखी गडद केली, म्हणजे कणकेची बोटं, पखवाजाची कड आणि वाद्या एवढंच उरलं. जिथे हात नाकावर चढत होते तिथे पुन्हा मास्क. फिल्मच्या कॅमेऱ्यात एकाच निगेटिव्हवर दोनदा फोटो काढून असं करत, म्हणून याला डबल एक्स्पोझर म्हणतात. कॉम्प्युटरवर ते इतकं सोपं झालंय की प्रत्येक नवशिका पहिल्या आठवड्यात एखाद्या मुलीच्या केसांत जंगल उगवतो. माझा त्या जंगलांवर राग नाही, पण ते जंगल तिथे का आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

दोन फोटो दोन काळांतले. एक फिल्मवरचा, एक मोबाइलमधला, १९२० बाय १०८० पिक्सेलचा. ते एका दिवशीचे वाटायला हवेत. सगळ्यांत वर ग्रेडियंट मॅप टाकला, तो गडद-उजळाप्रमाणे ठरलेले रंग देतो, काळ्यापासून कोमट पिवळसर पांढऱ्यापर्यंत, म्हणजे दोघांचा रंग एक झाला. त्यावर थोडे दाणे, दोन्हींवर सारखे. मोठं करताना आलेला मऊपणाही त्याने झाकला जातो. मग एक लेअर ५० टक्के करड्या रंगाने भरून ओव्हरले मोडवर ठेवला (यात करडा दिसत नाही, पांढरं फिरवलं तिथे खालचं उजळतं) आणि त्यावर पांढऱ्याने अगदी हलकं, आबांच्या डोळ्यातला ठिपका उजळला. वडील हेच काम डार्करूममध्ये तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह कागदावर मोठी पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडात हलवत करायचे. त्यांना ते एका झटक्यात जमायला लागायचं, कारण कागद महाग.

पोरग्याच्या घरच्या लॅपटॉपवर फोटोशॉप नाही, गिम्प आहे. तो म्हणाला, घरी हे होणार नाही. होतं. लेअर मास्क, स्क्रीन, ओव्हरले, कर्व्हज्, ग्रेडियंट मॅप, सगळं गिम्पमध्येही आहे आणि ते फुकट आहे. २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तर लावलेला इफेक्ट नंतर बदलताही येतो. मी त्याला दोन्ही फोटो पेनड्राइव्हवर देऊन टाकले.

चारच्या आत फाईल प्रिंटरकडे जायला हवी होती. बॅनर लांबून बघायचा असतो, म्हणून ७२ डीपीआय पुरतं: सहा बाय चार फुटांना ५१८४ बाय ३४५६ पिक्सेल. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, केल्यावर सावल्या थोड्या उघडल्या, कारण फ्लेक्सवर अंधार पडद्यापेक्षा जास्त दाटतो आणि नाकाजवळची माझी सगळी मेहनत त्यात बुडाली असती.

म्हाताऱ्यांना दाखवलं तेव्हा बुवा काही बोलले नाहीत, फक्त पडद्यावरच्या बोटांखाली आपलं बोट धरून म्हणाले, "इथे 'धा' पडतोय." मग तेच म्हणाले, पाठवा.

वीस मिनिटांनी प्रिंटरचा फोन. "ताई, फाईल करप्ट आलीय. अर्धं तोंडच नाही."

"बरोबर आहे ती."

"बघा हां. नंतर मंडळवाले माझ्या डोक्यावर नाचतील."

कुणी नाचलं नाही. उलट त्या महिन्यात भजनी मंडळातूनच तिघं जण अर्ध्या चेहऱ्याचे फोटो करून मागायला आले, आणि एक तर साखरपुड्याच्या आमंत्रणासाठी. उरलेले पैसे द्यायला टाळवाले काका आले तेही स्टुलावर बसकण मारून म्हणाले, "माझा आत्ताच करून ठेवा. नंतर धावपळ नको. इकडे मी, इकडे अंधार, अंधारात टाळ."

"काका, तुमचा चेहरा अख्खा आहे."

"मग काय झालं? अर्धा करा."

मी ट्यूब बंद केली, त्यांना दाराकडे तोंड करून बसवलं आणि बाहेरच्या उजेडात सरळ, अख्खा, सुरकुत्यांसकट फोटो काढला. क्रॉप केला, कर्व्हज् किंचित हलवले, बाकी कशाला हात लावला नाही. काकांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं. फोटो आवडला होता, ते दिसत होतं. मग खिशात हात घालत म्हणाले, "यात काही केलंच नाही तुम्ही. पैसे कमी घ्या."